गाडीत अँप बसवला, मग सगळं वायरिंग काढून परत केलं

हे मी लिहितेय कारण ऑक्टोबरमध्ये मला कोणी हे सांगितलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. मी इलेक्ट्रिकलची नाही, बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, नागपूरच्या मानेवाड्याहून रोज जाणं-येणं. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, २०२१ ची. लहानपणी महालात काही वर्षं तबला शिकले, आता वाजवणं होत नाही पण ऐकणं रोजचं, आणि गाडीच्या कंपनीने दिलेल्या स्पीकरमध्ये चाटीचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, आवाज नीट येतो पण डग्ग्याचा घुमारा येतच नाही, नुसतं टपटप ऐकू येतं. तेवढ्यासाठी एक सबवूफर (खोल आवाजाचा मोठा स्पीकर) आणि तो चालवायला अँप, म्हणजे अँप्लिफायर, इतकीच हौस होती. काचा हलवायच्या नव्हत्या.

११ ऑक्टोबरला, शनिवारी, एका दुकानात गेले. अँप ६,५००, वूफर बॉक्ससकट ८,०००, वायरिंग किट १,२०० आणि फिटिंगचे १,०००. सगळे मिळून १६,७००. दीड तासाच्या आत गाडी तयार. अँपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० वॅट लिहिलेलं. मी विचारलं की गाडीच्या बॅटरीला इतकं झेपेल का, तर म्हणे, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, सगळ्याच गाड्यांत असंच लावून राहिलो आम्ही." बिल कच्चं दिलं, मीही काही बोलले नाही. हे पक्कं बिल पुढे किती लागणार आहे ते तेव्हा डोक्यात नव्हतं.

पहिल्या दिवसापासून एक बारीक शिट्टी ऐकू यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढायची, सोडला की खाली. गाणं थांबवलं तरी चालूच. रात्री ठेका जोरात आला की डॅशबोर्डचे दिवे किंचित मिणमिणायचे. मला वाटलं असंच असतं.

मग दिवाळी आली. २२ तारखेला मी बसने अमरावतीला माहेरी गेले, भाऊबीज करून २५ ला परत, आणि गाडी उघडायला गेले तर सेंट्रल लॉकसुद्धा हलेना. बॅटरी पूर्ण झोपलेली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दुसऱ्या बॅटरीवरून चालू करून दिली, ४०० रुपये. दुकानात फोन केला तर म्हणे बॅटरी जुनी झाली, बदलून टाका. नव्या बॅटरीचा भावसुद्धा काढला मी, ४,८०० रुपये, पण सणाच्या खर्चाने हात आखडलेला म्हणून राहिलं. बरं झालं राहिलं, कारण बॅटरीत काहीच खोट नव्हती.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बुटीबोरीहून परत येत होते, वर्धा रोडवर जामठ्याच्या स्टेडियमच्या अलीकडे गाडीत प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. आधी वाटलं बाहेर कोणी कचरा जाळतंय. काच वर केली तर वास वाढला. गाणं बंद केलं, डावीकडे घेऊन थांबले, किल्ली काढली, पर्स घेऊन बाहेर पडले आणि दहा-बारा पावलं लांब जाऊन उभी राहिले. हात थरथरत होते. किल्ली माझ्या हातात आणि डिकीत डोकावलं तर अँपचा निळा लाइट चालूच, तो पाहून पोटात गोळाच आला, म्हणजे गाडी बंद करूनही हे बंद होत नाही.

मामाजींना व्हिडिओ कॉल लावला. आमचे मामाजी कोराडीच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले, आयुष्य तारांमध्येच गेलं. ते शांतपणे म्हणाले, "घाबरू नको पोरी. धूर दिसून राहिला का? नाही ना? मग बोनेट उघड, आन् बॅटरीची मायनस पहिले काढ. प्लसले हात नको लावू आधी." माझ्याकडे पाना नव्हता. थोडं पुढे पंक्चरचं दुकान होतं, तिथल्या दादांनी दहा नंबरचा पाना आणून स्वतःच मायनस काढून दिली. मायनस आधी का, तर ती बॉडीलाच जोडलेली असते, पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. प्लस काढताना पाना पत्र्याला टेकला तर सरळ शॉर्ट. मग प्लसवरून फक्त अँपची वायर वेगळी केली, तिच्या टोकाला रबरी ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधला, मायनस परत लावली, आणि गाडी हळूहळू घरी आणली. दादांनी पैसे घेतले नाहीत. तुमच्याही गाडीत असा वास कधी आला तर एवढं लक्षात ठेवा : आधी गाडीबाहेर, धूर किंवा ज्वाळा असेल तर बोनेट उघडायचंच नाही, लांब जायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा.

दुसऱ्या दिवशी रविवारी मामाजी सकाळीच मानकापूरहून आले, हातात मल्टीमीटर आणि एक जुनी पिशवी. चहा घेतला आणि मागची सीट काढायला लागले. जे निघालं ते सगळं सांगते, कारण हेच तुम्हाला तुमच्या गाडीत बघायचंय.

वास आला तो कार्पेटखालच्या जोडातून. वायर कमी पडली म्हणून दुकानदाराने दोन तुकडे नुसते पिळून जोडले होते, वर काळी टेप. टेप वितळून चिकट झालेली, खालचं प्लास्टिक तपकिरी. सैल जोडातून जास्त करंट गेला की जोडच तापतो. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको, टेपचा गोंद त्या उन्हात टिकतच नाही, हे तर नोव्हेंबरात झालं.

पण खरी भीती पुढे होती. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला एक भोक पाडून वायर आत घेतली होती, भोकाच्या कडेला रबरी कडं (ग्रोमेट) नाही, पत्र्याची धार सरळ वायरवर. चार आठवड्यांत इन्सुलेशन निम्म्याहून जास्त कापलं गेलं होतं. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. मी म्हटलं, "पण मामाजी, अँपच्या मागे दोन फ्यूज आहेत ना, वीस-वीसचे." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मला अगदी शाळेतल्यासारखं समजावलं.

"ते अँपसाठी हायेत. अँपमधी काही बिघडलं तर ते उडतीन. आता ही तार पत्र्यावर कापली गेली अन् तांबं पत्र्याले लागलं, तर करंट अँपपर्यंत जातेच कुठं? बॅटरीतून निघाला, पत्र्यातून परत बॅटरीत. मधी फ्यूज हाये का कुठं? नाही. मग काय जळंन? तारच जळंन, अन् तार कशाखालून गेली, तुह्या सीटखालून."

बॅटरीजवळचा फ्यूज हा वायरचा असतो, अँपचा नाही. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत. बॅटरी ते फ्यूज एवढाच तुकडा बिनसंरक्षणाचा उरतो, तो जेवढा छोटा तेवढं बरं. माझा आता १५ सेंटीमीटरवर आहे.

अर्थिंग कुठे दिलं होतं माहितीये? मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला. हे बघून मामाजी पहिल्यांदा चिडले. तो बोल्ट माणूस धरून ठेवायला असतो, तो ढिला करून मध्ये वायरचा लग (टोकाला बसवायची धातूची कडी) घालायचं काम नाही. शिवाय बोल्टखाली रंग तसाच, त्यामुळे अर्थिंगही धड नाही. आणि बॅटरी का झोपली तेही कळलं. अँपला एक बारीक निळी वायर असते, तिला १२ व्होल्ट मिळाले की अँप जागा होतो. ती स्टिरिओ किंवा किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर हवी. इथे ती कायम चालू असलेल्या लाइनला जोडलेली. मामाजींनी मायनसची तार काढून मध्ये मल्टीमीटर लावला (अँपची वायर मापापुरती परत जोडून, १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि असं लावल्यावर गाडी चालू करायची नाही, मीटर उडतो), दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवून वीस मिनिटं थांबलो. ०.६२ अँपिअर. तीन दिवस म्हणजे ७२ तास, जवळजवळ ४५ अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी ३५ ची. निरोगी गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असायला हवा.

त्या दिवशी सगळं वायरिंग काढून ठेवलं आणि कागदावर हिशोब केला. खोक्यावरचे १२०० वॅट विसरायचे, अँपच्या पुस्तिकेत आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ती खरी ताकद, शोधायचं. माझं ४ ओहमला ३०० वॅट. क्लास डी अँप, म्हणजे साधारण ८० टक्के कार्यक्षमता धरली तर गाडीकडून ३७५ वॅट लागतील, भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे २७ अँपिअर, तेही एकदम पूर्ण जोरात. जुन्या पद्धतीचा क्लास एबी अँप असता तर तेवढ्याच आवाजाला ४० च्या आसपास लागले असते. अँपवरचे फ्यूज मिळून ४०. म्हणून बॅटरीजवळ ५० चा फ्यूज, आणि वायर अशी की ती ५० अँपिअर आरामात वाहील, म्हणजे तापायच्या आधी फ्यूज उडेल. मोठा फ्यूज टाकला की जास्त सुरक्षित, असं मला वाटायचं, ते अगदी उलटं आहे.

किटमधली वायर बोटाएवढी जाड होती. मामाजींनी ब्लेडने सोलली तर वर प्लास्टिकच प्लास्टिक, आत बारीक तारा, आणि एक तार खरवडली तर आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती तांब्यापेक्षा बरीच कमी करंट वाहते, त्याच कामाला जाड घ्यावी लागते. घेताना एक तार खरवडून बघायची, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरीकडे जायचं.

आता सामान. १६ स्क्वेअर मिलिमीटरची शुद्ध तांब्याची फ्लेक्झिबल वायर सीताबर्डीत मिळाली, २३० रुपये मीटर, ६ मीटर. बॅटरी ते डिकी सरळ रेषेत मोजू नका, वायर वळणं घेत जाते, मी दोरी टाकून मोजली. फ्यूज होल्डर ११ तारखेला ऑनलाइन मागवला, १९ ला आला, ५२० रुपये, आणि त्याच्यासोबत फ्यूज आला १०० अँपिअरचा! बऱ्याच किटमध्ये असाच मोठा फ्यूज येतो आणि लोक तोच लावतात. ५० चे दोन वेगळे मागवले, १४० रुपये, ते २६ ला आले. लग आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) १९०, वायरवरून चढवायचा फ्लेक्झिबल पाइप १००, ग्रोमेट ३०, फ्यूज बॉक्समधून लाइन घ्यायचा फ्यूज टॅप १२०, आणि कंपनीची वायर न कापता स्टिरिओच्या मागे लागणारा तयार कपलर ६५०. एकूण ३,१३०.

कपलर का, तर माझ्या गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी अजून आहे. मधल्या काळात सर्व्हिस सेंटरला मेल टाकून विचारलं, सहा दिवसांनी उत्तर आलं की कंपनीची वायर कापलेली किंवा सोललेली दिसली तर त्या सर्किटची वॉरंटी राहणार नाही. तोंडी विचारलं होतं तेव्हा एकाने चालतं म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं, म्हणून लेखी घ्या. दुकानात आधीच दोन वायरी सोललेल्या होत्या, त्या मामाजींनी नीट सोल्डर करून झाकल्या, पण त्याबद्दल मला अजून हळहळ वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार. थंडी चांगली होती, नऊला ऊन पडल्यावर सुरू केलं. मायनस काढली आणि दहा मिनिटं काहीच केलं नाही, एअरबॅगच्या सर्किटमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी म्हणजे एअरबॅग, त्यांना हात नाही, मीटरची सुई तर मुळीच नाही. पत्र्यातलं जुनं भोक घासून, रंग लावून, रबराने बंद केलं. कंपनीच्या वायरिंगसाठी एक मोठा रबरी बूट आधीच असतो, त्याच्या कडेला छोटी चीर देऊन ग्रोमेटमधून आपली वायर आत घेतली. नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल चालवू नका, आणि डिकीत, फ्लोअरवर तर नकोच, खालून पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन जाते. सीएनजी किटची गाडी असती तर मी डिकीतलं काम घरी केलंच नसतं.

पॉवरची वायर डाव्या बाजूने, आवाजाची वायर उजव्या बाजूने. ती शिट्टी आठवते? दोन्ही एकाच पट्टीखालून नेल्या होत्या, अर्थिंगही खराब, म्हणून अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) आवाज गाण्यात शिरत होता.

लग दाबायला मामाजींनी ओळखीच्या पॅनेलवाल्याकडून क्रिंपिंगचं अवजार आणलं होतं. पक्कडीने ठोकून दाबलेला लग ओढला की निघतो, मी एक तसा करून ओढून बघितला, खरंच हातात आला. दाबल्यावर जोर लावून ओढायचं, मग वरून हीट श्रिंक. मध्ये कुठेही जोड नाही, बॅटरीपासून फ्यूज आणि फ्यूजपासून डिकी, अखंड. अर्थिंगसाठी डिकीतला बॉडीचा एक बोल्ट निवडला, आजूबाजूचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकेपर्यंत काढला, स्टार वॉशर, लग, बोल्ट घट्ट, आणि वरून रंगाचा हात, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. अर्थची वायर पॉवरच्याच जाडीची, ३५ सेंटीमीटर लांब. निळी वायर फ्यूज टॅपवरून, किल्लीबरोबर चालणाऱ्या लाइटरच्या लाइनवर, २ अँपिअरच्या फ्यूजने. एअरबॅगच्या किंवा एबीएसच्या फ्यूजवर टॅप लावायचा नाही.

बॅटरीजवळचा फ्यूज सगळ्यात शेवटी बसवला. तोपर्यंत होल्डर रिकामा, म्हणजे काम करताना वायर मेलेलीच. आधी मीटरने बघितलं की पॉवर वायर आणि बॉडीमध्ये शॉर्ट नाही, मग प्लस, मग मायनस, मग फ्यूज. तो फ्यूज आत ढकलताना मी श्वास रोखून धरला होता. काही झालं नाही. निळा लाइट किल्लीबरोबर लागला आणि किल्लीबरोबर गेला. इतकं बरं वाटलं ना त्या दिव्याला विझताना बघून!

गेन लावायचं काम संध्याकाळी. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही हे मला माहीत नव्हतं, स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचा तो स्क्रू आहे. वूफरच्या वायरी काढल्या, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा आवाज पाऊण, ५० हर्ट्झचा टोन मोबाइलवरून लावला आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला. ३०० गुणिले ४ चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट, त्याच्या वर जायचं नाही. आम्ही २८ वर थांबलो, मला तेवढं पुरतं. फिल्टर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचाच खोल आवाज वूफरकडे जातो.

मग परत मापं. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, गाणं जोरात : अँपपाशी १३.५ व्होल्ट. बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या अर्थपर्यंत ०.०६ व्होल्ट. सगळं बंद करून वीस मिनिटांनी गळती ०.०२ अँपिअर. मामाजींनी हे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला लावले. त्यांनी मजुरीचं नावही काढू दिलं नाही, जाताना संत्रा बर्फीचा डबा मात्र घेतला, मामींसाठी म्हणून.

राहिला इन्शुरन्स. रिन्यूअल डिसेंबरात होतं. एजंट म्हणाले, कशाला सांगता. पण बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी पॉलिसीत वेगळी नोंद असते, आयएमटी २४ नावाची, वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम, आणि ती नसेल तर त्या वस्तूची भरपाई नाही. शिवाय उद्या काही झालं तर लपवलं असं कोणी म्हणायला नको. त्याला जीएसटीचं पक्कं बिल लागतं. त्या दुकानात तीन चकरा मारल्या, पहिल्यांदा सेठ नाहीत, दुसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद, तिसऱ्यांदा मी तिथेच खुर्ची घेऊन बसले, तेव्हा निघालं. १४,५०० चं बिल, ४ टक्के ५८०, त्यावर १८ टक्के जीएसटी १०४.४०, एकूण ६८४ रुपये ४० पैसे. बिल, आरसी आणि अँप-फ्यूजचे चार फोटो मेल केले, १८ डिसेंबरला पॉलिसी नोंदीसकट आली. आरसीवर लिहिलेलं काही बदलत नाही म्हणून आरटीओत जावं लागलं नाही.

४ जानेवारीला मामाजींनी सांगितल्याप्रमाणे सगळे नट परत तपासले. फ्यूज होल्डरचा एक नट पाव आटा ढिला झालेला, कसून घेतला. बाकीच्या जोडांना गाणं अर्धा तास वाजवून हात लावला, कुठे गरम नाही. मार्चच्या शेवटी, ऊन तापायला लागलं की अजून एकदा बघणार आहे, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी परत एकदा.

गाडीत आता ५० चा एक जादा फ्यूज, विजेरी आणि दहा नंबरचा पाना कायम असतो. परवा जामठ्याला थांबून पंक्चरवाल्या दादांना तो पाना दाखवला, त्यांना माझी गाडी आठवत होती. तिथून निघाले तेव्हा विलंबित तीनताल लागला होता, आणि डग्गा घुमत होता, अगदी मांडीवर घेऊन बसल्यासारखा.